अटॅक्सिया आणि गिळणं: इंदूरच्या मराठी स्वयंपाकघरासाठी

ठसका लागला की आपल्या घरांत तीन गोष्टी एकदम होतात. एक जण म्हणतो, "कुणीतरी आठवण काढली." दुसरा "वर बघ, वर बघ" म्हणत टाळूवर थोपटतो. तिसरा पाण्याचा पेला घेऊन धावतो. आनुवंशिक अटॅक्सिया, म्हणजे लहान मेंदू बिघडून हालचालींचा तोल आणि ताल जाणारा, घराण्यात चालत येणारा आजार, असलेल्या माणसाच्या बाबतीत यातली पहिली गोष्ट निरुपद्रवी आहे. बाकीच्या दोन्ही आजपासून बंद करायच्या.

वर बघितलं की मान मागे जाते आणि श्वासनलिकेचं तोंड सरळ रेषेत येतं. घशात जे काही अडलेलं असेल त्याला खाली जायला वाट मोकळी होते. आणि पाणी ही गिळायला सगळ्यात अवघड वस्तू आहे, कारण ते सगळ्यात वेगाने पळतं. ठसका लागल्यावर करायचं ते एवढंच: माणसाला किंचित पुढे झुकवा, दोन्ही हात टेबलावर टेकवू द्या, खोकू द्या, आणि तोवर कुणीही त्याच्याशी बोलू नका. खोकला थांबला की तोंडात काही नसताना दोनदा आवंढा गिळायला सांगा, मग लांब "आऽऽ" म्हणायला सांगा. आवाज भरल्यासारखा, घशात पाणी खळखळतंय असा आला, तर पुन्हा खोकून पुन्हा गिळायचं. आवाज कोरडा, स्वच्छ येईपर्यंत पुढचा घास नाही.

नेमकं काय बिघडतं

घास जिभेच्या मुळापाशी पोचला की पुढचं सगळं साधारण एका सेकंदात उरकतं. तोंडातल्या टाळूचा मऊ भाग वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, कंठ वर आणि पुढे उचलला जातो, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो, अन्ननलिकेचं तोंड उघडतं, घास उतरतो, आणि मग श्वास बाहेर पडतो. या कामाला मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाच लागतात: पाचवी, सातवी, नववी, दहावी आणि बारावी. त्यांची केंद्रं ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात असतात. लहान मेंदू या सगळ्यांचा ताल धरतो.

अटॅक्सियात आधी ताल जातो. ताकद बरीचशी शाबूत असते, पण कंठ उचलायला अर्धा क्षण उशीर होतो, किंवा श्वास चुकीच्या वेळी आत घेतला जातो. म्हणून सुरुवातीचं लक्षण ठरलेलं: जेवण नीट होतं, पण पाणी, चहा, पातळ वरण पिताना अचानक ठसका.

पुढे, प्रकारानुसार, देठातली केंद्रं स्वतःच झिजू लागतात. एससीए (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया) या आनुवंशिक गटातल्या १, २, ३ आणि ७ या प्रकारांत हे ठळकपणे होतं. एससीए ६ मध्ये मुख्य मार लहान मेंदूवर असतो. पाचव्या नसेचं केंद्र गेलं की चावणं मंदावतं. सातवीचं गेलं की ओठ नीट मिटत नाहीत आणि घास गालात साचतो. बाराव्या नसेचं केंद्र झिजलं की जीभ बारीक होते, फडफडते, घास मागे ढकलता येत नाही. नववी-दहावीच्या केंद्रांवर घसा आणि स्वरतंतू चालतात. शिवाय "घास आला" ही बातमी आत नेणारं एक केंद्र असतं. ते मंदावलं तर अन्न श्वासनलिकेत गेलं तरी शरीराला पत्ता लागत नाही आणि खोकला येतच नाही. डॉक्टर याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात. "आता बाबांना पूर्वीसारखा ठसका लागत नाही, बरं आहे," असं घरात कुणी म्हणालं, तर ते बरं असेलच असं नाही. खोकला उमटणंच बंद झालेलं असू शकतं.

म्हणून रिपोर्टवर कोणता प्रकार लिहिला आहे ते माहीत असू द्या. एससीए २ मध्ये डोळ्यांची हालचाल मंदावते; मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७१ साली मंद डोळ्यांची अशी भारतीय कुटुंबं नोंदवली होती. ताटात दहा वाट्या मांडल्या तर या माणसाला नजर फिरवायला वेळ लागतो. एका वेळी एकच वाटी समोर ठेवा. एससीए ७ मध्ये दृष्टी जाते, तेव्हा चमच्यात काय आहे ते तोंडाशी नेण्याआधी सांगायचं. एससीए १२ भारतात प्रामुख्याने अग्रवाल समाजात आढळतो आणि त्यात हाताचं कापणं पुढे असतं. तिथे पहिली अडचण पेला ओठापर्यंत नेण्याची. फ्रेडरिक अटॅक्सिया या आणखी एका आनुवंशिक प्रकारात हृदयाचा स्नायू बिघडतो आणि काही जणांना मधुमेहही होतो, तो मुद्दा खाली दोन ठिकाणी लागेल.

आठवडाभराची वही

डॉक्टरकडे "कधी कधी ठसका लागतो" एवढं सांगून काही हाती लागत नाही. सात दिवस वही ठेवा. प्रत्येक जेवणासमोर पाच गोष्टी: काय खाल्लं-प्यालं, किती मिनिटं लागली, ठसका नेमका कशावर लागला, जेवणानंतर आवाज भरलेला होता का, आणि संध्याकाळचा ताप. रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर वजन.

काही गोष्टी दिसल्या तर आठवडा पुरा होण्याची वाट पाहू नका. जेवण अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ लागलं; महिन्यात ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो; वारंवार संध्याकाळी ताप आणि छातीत घरघर; नाकातून पाणी परत येणं. आणखी एक, जे लोक घोरणं समजून सोडून देतात: झोपेत श्वास आत घेताना शिट्टीसारखा, कर्कश आवाज. स्वरतंतू नीट उघडत नसल्याची ती खूण असू शकते. त्यासाठी लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

तपासण्या दोन. एक व्हिडिओफ्लुरोस्कोपी: बेरियम मिसळलेलं अन्न गिळताना एक्स-रेचा चलचित्रपट घेतात. दुसरी, नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा गिळताना पाहणं. इंदूरमध्ये एम.वाय. हॉस्पिटल असो की खासगी, फोनवर एक प्रश्न नेमका विचारा: "गिळण्याचा व्हिडिओ घेता, की नुसता बेरियम स्वॅलो?" साध्या बेरियम स्वॅलोत अन्ननलिका बघतात, श्वासनलिकेत काय सांडतं हा त्या तपासणीचा प्रश्नच नसतो, आणि लोक तो रिपोर्ट "नॉर्मल" आला म्हणून निर्धास्त होतात. तपासणीला जाताना घरचं अन्न डब्यात न्या: मऊ भात, पोळीचा कुस्करा, रोजचं पाणी पिण्याचं भांडं. रोज जे खायचं तेच तपासून घेतलं तर सल्ला कामाचा मिळतो. गिळण्याचं काम पाहणारे स्पीच थेरपिस्ट वेगळे असतात. बोलण्याचे व्यायाम घेणारा प्रत्येक जण हे करतोच असं नाही, तेही आधी विचारून घ्या.

बसवणं

पलंगावर उशा लावून अर्धवट टेकून जेवण नको. पाठ सरळ असलेली, हातांची खुर्ची. कंबर मागे खेटलेली, गुडघे काटकोनात, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. पाय लोंबत असतील तर खाली पाट ठेवा. अटॅक्सियात धड डोलतं, आणि धड डोललं की मान डोलते, मान डोलली की घास चुकतो. म्हणून कोपरं टेबलावर टेकलेली हवीत. टेबल कोपराच्या उंचीचं असू द्या. जमिनीवर पाटावर पंगतीत बसायची हौस सणावारी असेल तर बसू द्या, पण जेवण नंतर खुर्चीवर.

भरवणाऱ्याने उभं राहून भरवू नये. उभ्या माणसाकडे बघायला मान वर करावी लागते. समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. जेवण झाल्यावर ३० मिनिटं तसंच बसलेलं राहायचं. लगेच आडवं झालं की पोटातलं वर येतं.

हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती काहींना फार उपयोगी पडते, काहींना उलट त्रासाची ठरते, विशेषतः ओठ मिटत नसतील तर अन्न पुढून सांडतं. तपासणीत फायदा दिसला असेल तरच रोजची सवय करा, आणि झुकवणं म्हणजे गळ्याच्या खळीकडे बघितल्याइतकंच. श्वास धरून, गिळून, लगेच खोकायची दुसरी पद्धत आहे. हृदय बिघडलेल्या फ्रेडरिकच्या रुग्णाने ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पाणी, चहा आणि दाटपणा

सगळ्यात जास्त ठसके इथे लागतात, म्हणून इथे थोडं थांबू.

वरून पाणी पिणं बंद. भांड्याला तोंड न लावता धार सोडायची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, पण त्यात मान पूर्ण मागे, तोंड उघडं आणि पाणी एकसारखं चालू असतं. तिन्ही गोष्टी घातक. उष्ट्याचा प्रश्न असेल तर त्या माणसाचं भांडं वेगळं ठेवा, तेवढं पुरे.

बशीतून "फुर्र" करत चहा पिणंही बंद. फुरकी मारणं म्हणजे श्वास आत ओढता ओढता चहा ओढणं, आणि ज्याचा श्वास आणि गिळणं यांचा ताल आधीच चुकतोय त्याला नेमकं हेच जमणार नाही.

भांडं कसं? जड, रुंद तोंडाचा स्टीलचा किंवा चिनी मातीचा कप, दोन कान असलेला मिळाला तर उत्तम. पाऊण भरा आणि अर्धा झाला की पुन्हा भरा. पेल्याच्या तळाशी उरलेल्या घोटासाठी मान मागे टाकावी लागते, आणि बरेच ठसके याच शेवटच्या घोटाला लागतात. नाक आड येऊ नये म्हणून नाकाच्या बाजूला कापलेला पेला मिळतो, घरीही होतो. जाड प्लास्टिकच्या पेल्याच्या कडेला इंग्रजी यू अक्षरासारखी साधारण ३ सेंटिमीटर खोल खाच कापा, कडा बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. खाच नाकाकडे, पिणं उलट्या बाजूने. मान न हलवता पेला पूर्ण वाकवता येतो. स्ट्रॉचा मोह टाळा: ओढताना एका वेळी किती आलं यावर ताबा राहत नाही, आणि ते थेट घशाशी जाऊन पडतं.

एक घोट म्हणजे ५ मिलिलीटर, म्हणजे चहाचा एक चमचा. क्रम असा: श्वास घ्या, घोट तोंडात, ओठ मिटा, थांबा, गिळा, श्वास बाहेर सोडा, पुन्हा एकदा कोरडं गिळा. सलग घटाघटा कधीच नाही.

एवढं करूनही पाण्यावर ठसका लागत असेल तर थेरपिस्ट पेय दाट करायला सांगतील. किती दाट, याला आयडीडीएसआय नावाची ० ते ७ पातळ्यांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे. पेयं ० ते ४ मध्ये येतात. मोजायला १० मिलिलीटरची साधी सिरिंज पुरते, सुई काढलेली. आधी पट्टी लावून बघा: ० पासून १० पर्यंतच्या खुणेचं अंतर ६१.५ मिलिमीटर हवं. सगळ्या सिरिंजा सारख्या नसतात आणि या मापाची नसेल तर आकडे चुकतात.

दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद धरा, १० पर्यंत पेय भरा. मोबाइलवर वेळ लावून बोट सोडा, बरोबर १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. आत किती उरलं ते बघा. १ मिलिलीटरपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, म्हणजे पाण्यासारखं. १ ते ४ उरलं तर पातळी १. ४ ते ८ उरलं तर २. ८ च्या वर उरलं तर ३. थेंबही न गळता पूर्ण १० उरलं तर ४, आणि ते पेय चमच्यानेच द्यायचं. "थोडं घट्ट कर" या सांगण्यापेक्षा "पातळी २" हे सांगणं सगळ्यांना, दुपारच्या बाईंनाही, सारखंच समजतं.

दाट कशाने करायचं? आरारोट किंवा कॉर्नफ्लॉवर शिजवून घातलं तर सोपं आणि स्वस्त, पण लाळ स्टार्च तोडते. जो माणूस घोट बराच वेळ तोंडात धरून ठेवतो त्याच्या तोंडात ते पुन्हा पातळ होतं आणि तुम्हाला कळतही नाही. उष्ट्या चमच्याने तोच पेला ढवळत राहिलात तर पेल्यातही पातळ होतं. झँथन गम ही दाटपणा आणणारी पावडर लाळेने तुटत नाही. बेकरीचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. २०० मिलिलीटर पाण्याला पाव छोट्या चमच्यापासून सुरू करा. पाणी रवीने जोरात फिरत असताना चिमूट चिमूट भुरभुरा. एकदम टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्याच घशाला चिकटतात. १० मिनिटं थांबा, मग सिरिंज. लगेच पातळ वाटलं म्हणून आणखी घालण्याची चूक हमखास होते. दूध तर दाट व्हायला पाण्याहून जास्त वेळ घेतं. मधुमेह असलेल्या फ्रेडरिकच्या रुग्णाला आरारोट रोज पाच-सहा वेळा देणं म्हणजे साखर वाढवणं, तिथे गमच बरा.

दाट पेय हा रामबाण नाही. जितकं दाट तितकं घशात मागे जास्त उरतं, आणि मनापासून कुणाला आवडत नाही, त्यामुळे माणूस पाणीच कमी पितो. लघवी गडद आणि कमी व्हायला लागली, बद्धकोष्ठ झालं, दुपारी गुंगी आली, तर पाणी कमी पडतंय. दिवसाचं पेय मोजून दीड लिटरच्या आसपास ठेवा, हृदयासाठी डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल तर. जेली, कुल्फी, आइस्क्रीम दिसायला घट्ट, पण तोंडात पाणी होतात. पातळ पेय बंद असेल तर तेही बंद.

ताटात काय, आणि कसं

नियम एकच, पण आपल्या जेवणात तो क्षणोक्षणी मोडतो: एकाच घासात पातळ आणि घट्ट वेगळं नको. पातळ आधी पळतं, घट्ट मागे राहतं, आणि घशाला दोन्हींची वेळ एकदम साधता येत नाही.

दूध-पोळीचा कुस्करा घ्या. पोळीचे तुकडे दुधात तरंगत असतील तर आजारी माणसाला देण्यासारखा याहून वाईट पदार्थ नाही. तोच कुस्करा बारीक करून, दूध गरम ओतून १५ मिनिटं झाकून ठेवला, नंतर काट्याने रगडला, आणि वाटी तिरपी केली तर कडेला दूध सुटत नाही अशा अवस्थेला आला, तर चांगलं जेवण. काटा हीच मोजपट्टी: दोन दात्यांमधली फट साधारण ४ मिलिमीटर असते, त्यातून न जाणारा तुकडा मोठा. काट्याच्या पाठीने अलगद दाबल्यावर सपाट व्हायला हवा, पुन्हा फुगता कामा नये.

वरण-भातही तसाच. मोकळा भात, सुटं शीत, वर पळीभर पातळ वरण, हे नको. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेसहा-सात वाट्या पाणी, कुकरला सहा शिट्ट्या, आणि गरम असतानाच रवीने घोटून दोन चमचे तूप. चमचा तिरपा केला की गोळा अखंड घसरून पडावा, चमच्याला फार चिकटून राहू नये. चिकटला तर तो टाळूलाही चिकटेल. गरम पाणी घालून पुन्हा घोटा. पानावर थंड होता होता ही खिचडी घट्ट होते, त्यामुळे पहिल्या घासाला बरोबर असलेली विसाव्या घासाला चुकीची असते. शेजारी गरम पाण्याचा थर्मास ठेवा. फोडणी हवीच, नाहीतर जेवण बेचव होऊन माणूस खात नाही. पण तुपात जिरं-हिंग-मिरची करा आणि गाळून फक्त तूप ओता. मोहरी आणि कढीलिंबाचं पान ठसक्यासाठीच जन्माला आल्यासारखी वागतात.

आता इंदुरी लाड. पोहे-जलेबीशिवाय रविवार जात नाही, हे मान्य. पोह्यांवरची शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, बडीशेप, सगळं काढा. वरून भुरभुरलेलं जीरावन, म्हणजे पोह्यांवरचा कोरडा मसाला, श्वासाबरोबर उडतं आणि घास तोंडात जाण्याआधीच खोकला काढतं. ते दह्यात कालवून घाला. पातळ पोहे भिजवून, फेटलेल्या दह्यात कालवून १५ मिनिटं मुरू दिले आणि काट्याने मोडले तर दहीपोहे छान उतरतात. जलेबी नको: वरून कुरकुरीत, आत पाक. दाताखाली आली की पाक सुटून पळतो आणि कवच मागे राहतं.

भुट्ट्याचा कीस कोवळ्या कणसाचा, दुधात शिजलेला. मक्याची सालं मात्र राहतात. मिक्सरमधून काढून चाळणीतून गाळा. बाफल्याचा (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्याचा) कोरडा चुरा नको; बारीक चुरून तुपात आणि दाट डाळीत पुरता भिजू द्या, मग मोडा. हिवाळ्यात सराफ्यात तळलेले गराडू (एक कंद) मिळतात, ते घरी उकडून, लोणी-मीठ घालून लगदा केला तर चालतात. इथली शिकंजी दुधाची आणि मुळातच दाट, पण सुका मेवा गाळून घ्या आणि सिरिंजवर मोजा. साबूदाण्याची खिचडी, कितीही चांगली झाली तरी, नाही. दाणे सुटतात, चिकटतात, वर दाण्याचं कूट. एकादशीला मोरधन (भगर) शिजवून घोटा. श्रीखंड चारोळीशिवाय द्या. गुळगुळीत, थंड, अखंड, अशी वस्तू शोधून सापडणार नाही.

वजन उतरत असेल तर घासांची संख्या वाढवू नका, घास वजनदार करा. प्रत्येक वाटीत एक चमचा तूप, म्हणजे साधारण ४५ कॅलरी. पेजेत दुधाची पावडर. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा छोटी, आणि मुख्य जेवण सकाळी, अंगात ताकद असताना. रात्री नऊला थकलेल्या माणसापुढे ताट ठेवणं म्हणजे ठसक्याला बोलावणं.

भरवताना चमचा छोटा, उथळ. जिभेच्या मध्यावर टेकवा, ओठ मिटायची वाट बघा, सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर घासून रिकामा करू नका, त्याने मान वर जाते. कंठ वर जाऊन खाली आलेला दिसला की घास गिळला. तोवर दुसरा चमचा उचलायचा नाही. टीव्ही बंद. आणि तोंडात घास असताना "कसं झालंय?" विचारू नका. माणूस भला असतो, उत्तर देतो.

गोळ्या, दात, लाळ

गोळी पाण्याबरोबर म्हणजे पुन्हा घट्ट आणि पातळ एकत्र. घट्ट दह्याच्या किंवा श्रीखंडाच्या चमच्यात पुरून द्या. कुटण्याआधी औषधवाल्याला विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या आणि वेष्टण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. क्लोनाझेपाम आणि बॅक्लोफेन या कापणं आणि ताठरपणा यांसाठीच्या गोळ्या गुंगी आणतात आणि गिळणं बिघडवतात. ठसके नवीन गोळीनंतर किंवा डोस वाढल्यावर वाढले असतील तर वहीत तारीख लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. स्वतः एकदम बंद करू नका.

फुफ्फुसात न्यूमोनिया होतो तो बहुधा अन्नापेक्षा तोंडातल्या जंतूंमुळे. लाळ तर दिवसभर थोडी थोडी खाली जातच असते. सकाळ-संध्याकाळ ब्रश आणि प्रत्येक जेवणानंतर गालांच्या आत बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसणं, हे दाट पेयाइतकंच महत्त्वाचं आहे. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, कमी फेसाची, आणि चूळ खाली मान घालून. कवळी रात्री काढून ठेवा. लाळ गळत असेल तर ती कमी करायची औषधं आहेत, पण ती जास्त झाली की लाळ घट्ट, दोरीसारखी होते आणि तिचाच ठसका लागतो.

घास अडकला तर

खोकतो आहे, आवाज निघतोय, तोवर पाठीत मारू नका. आवाज बंद, खोकला बंद, चेहरा काळानिळा, हात गळ्यावर: मग वेळ घालवू नका. एकाने १०८ ला फोन करा. माणसाला कमरेतून पुढे वाकवा, दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार फटके. निघालं नाही तर मागून कमरेला विळखा घाला, एक मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली, दुसऱ्या हाताने ती धरून आत-वर असे ५ झटके. पुन्हा ५ फटके, पुन्हा ५ झटके. चाकाच्या खुर्चीत असेल तर ब्रेक लावा आणि खुर्चीच्या मागून हेच करा. शुद्ध हरपली तर जमिनीवर आडवा करून छाती दाबायला सुरुवात. तोंडात दिसत नसलेली वस्तू बोटाने चाचपू नका, ती आत जाते. हे सगळं घरात दोघांना तरी यायला हवं, आणि उशीवर सराव करून ठेवा.

नळीचा विषय

हा विषय माणूस स्पष्ट बोलू शकतो तेव्हाच काढा. अटॅक्सियात बोलणंही जातं, आणि नंतर घरच्यांना अंदाजाने निर्णय घ्यावा लागतो. नाकातली नळी, जिला इथे सगळे राइल्स ट्यूब म्हणतात, काही आठवड्यांपुरती. गरज लांबणार असेल तर पोटातून बसवलेली पेग नळी. वजन पार ढासळल्यावर आणि छाती खराब झाल्यावर पेग बसवणं धोक्याचं होतं, म्हणून उशीर नको. नळीने वजन सावरतं, पाणी आणि औषधं नियमित जातात. लाळ श्वासनलिकेत जाणं मात्र ती थांबवत नाही, हे कुणी सांगत नाही आणि मग घरचे निराश होतात.

नळीतून देतानाही डोकं निदान ३० अंश उंच. एका वेळी २०० ते २५० मिलिलीटर, १५ ते २० मिनिटांत, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्याने ढकलायचं नाही. आधी आणि नंतर ३० मिलिलीटर पाणी. घरी वाटलेलं अन्न गाळूनच. एक जिऱ्याचा दाणाही नळी बंद पाडतो.

नळी बसली म्हणजे तोंडाची चव संपली असं नाही. थेरपिस्टची परवानगी असेल तर आधी दात घासून, सरळ बसवून, दिवसातून एकदा दोन-तीन छोटे चमचे श्रीखंड.